सबवूफर बदलण्याआधी या चुका टाळा

होम थिएटरमध्ये खर्जाचे, म्हणजे बासचे, स्वर देणाऱ्या सबवूफर या स्पीकरबद्दल दोन तक्रारी वारंवार ऐकू येतात. एक म्हणजे बास जाणवतच नाही आणि दुसरी म्हणजे आवाज नुसता घुमतो. या दोन्ही तक्रारी पुष्कळदा एकाच खोलीतल्या, एकाच सबवूफरबद्दलच्या असतात. फरक एवढाच असतो की, एक जण सोफ्यावर बसलेला असतो आणि दुसरा भिंतीला टेकून उभा असतो. दोष यंत्राचा आहे असे ठरवून आणखी मोठा सबवूफर आणला जातो आणि तोही त्याच कोपऱ्यात ठेवल्यावर जसाच्या तसा घुमू लागतो. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे आहे की, सबवूफर बदलण्याआधी त्याची जागा बदलून पाहावी.

जागा ठरवताना होणारी चूक

खर्जाचे ध्वनितरंग लांबलचक असतात. ४० हर्ट्झच्या स्वराची तरंगलांबी सुमारे ८.६ मीटर आणि २० हर्ट्झच्या स्वराची सुमारे १७ मीटर भरते. घरातल्या खोल्या याहून लहान असल्याने हे तरंग समोरासमोरच्या भिंतींवरून परतून एकमेकांत मिसळतात. त्यामुळे काही ठिकाणी स्वर फुगतो, तर काही ठिकाणी जवळजवळ नाहीसा होतो. खोलीची लांबी ५ मीटर असेल तर लांबीच्या दिशेने असा पहिला अनुनाद (खोलीच्या मापामुळे एखादा स्वर फुगणे) ३४ हर्ट्झच्या आसपास येतो. या स्वराचा दाब दोन्ही भिंतींपाशी सर्वाधिक आणि खोलीच्या बरोबर मध्यावर सर्वांत कमी असतो.

माझ्या स्वतःच्या खोलीत सोफा नेमका या मध्यावर होता. चित्रपटातला स्फोट सोफ्यावर बसून पोकळ वाटे आणि पाणी आणायला उठून मागच्या भिंतीजवळ गेले की तोच स्फोट छातीत जाणवे. तो सबवूफर परत करण्याचे मी जवळजवळ ठरवले होते. सोफा पाऊण मीटर मागे सरकवल्यावर तक्रारीला जागाच उरली नाही. येथे लक्षात घेण्याची गोष्ट ही की, अशा जागी आवाज वाढवून उपयोग होत नाही. इक्वलायझरने, म्हणजे निरनिराळ्या स्वरांचा जोर कमी-जास्त करणाऱ्या सोयीने, फुगलेला स्वर खाली आणता येतो, पण तरंग एकमेकांना छेदून जिथे खड्डा पडतो तो खड्डा शक्ती ओतून भरत नाही. उलट ॲम्प्लिफायर आणि वूफर यांच्यावर विनाकारण ताण येतो.

जागा शोधण्याची एक जुनी आणि खात्रीची रीत आहे. सबवूफर उचलून आपल्या बसण्याच्या जागी, शक्यतो कानाच्या उंचीवर ठेवावा, ज्यात बासचे स्वर चढत-उतरत जातात असे एखादे वादन सतत चालू ठेवावे आणि सबवूफर जिथे जिथे ठेवणे शक्य आहे तिथे जमिनीलगत डोके नेऊन ऐकावे. ओणवे होऊन खोलीभर फिरणे अवघडल्यासारखे वाटेल, पण ज्या ठिकाणी सगळे स्वर सारख्या वजनाने ऐकू येतात, एखादाच स्वर पुढे येत नाही किंवा गळत नाही, तिथे चिकटपट्टीने खूण करावी. बोलणारा आणि ऐकणारा यांच्या जागांची अदलाबदल केली तरी त्या दोन बिंदूंमधला ध्वनीचा प्रवास तोच राहतो, यावर ही रीत आधारलेली आहे. कोपऱ्यात बास सर्वाधिक मिळतो हे खरे, पण तिथून खोलीचे सगळेच अनुनाद जोमाने जागे होतात. घुमण्याची तक्रार बहुधा तिथूनच सुरू होते.

जोडणी आणि सेटिंग

दोन ठिकाणी दोन क्रॉसओव्हर, म्हणजे खालचे आणि वरचे स्वर वेगळे करणारे फिल्टर, लावून ठेवणे ही सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे. स्पीकर आणि सबवूफर यांच्यात स्वरांची वाटणी करण्याचे काम एव्ही रिसीव्हर (सर्व स्पीकरांना आवाज पुरवणारे मुख्य यंत्र) करत असताना सबवूफरच्या मागची क्रॉसओव्हरची नॉबही मध्यावर राहिली, तर सिग्नल दोनदा गाळला जातो आणि मधल्या पट्ट्यात बास गळतो. ती नॉब शेवटापर्यंत वर फिरवावी किंवा सबवूफरचा क्रॉसओव्हर वगळणारे एलएफई इनपुट वापरावे. रिसीव्हरमध्ये मुख्य स्पीकर दणकट दिसले तरी ते ‘स्मॉल’, म्हणजे त्यांचा खर्ज सबवूफरकडे वळवणाऱ्या सेटिंगवर, ठेवून क्रॉसओव्हरची ८० हर्ट्झपासून सुरुवात करावी. तोच बास मुख्य स्पीकरलाही आणि सबवूफरलाही पाठवणारे सेटिंग मोहात पाडते, परंतु त्याने बहुतेक खोल्यांमध्ये गढूळपणाच वाढतो.

मायक्रोफोन लावून होणारे स्वयंचलित कॅलिब्रेशन (रिसीव्हरने स्वतः आवाज मोजून सेटिंग जुळवणे) उपयुक्त आहे, मात्र मायक्रोफोन हातात धरू नये की सोफ्याच्या पाठीवर टेकवू नये. तो स्टँडवर, कानाच्या उंचीवर हवा. त्यानंतर रिसीव्हरने सबवूफरचे अंतर ३ मीटरऐवजी साडेचार मीटर दाखवले, तर पुष्कळ जण टेपने मोजून तो आकडा ‘दुरुस्त’ करतात. तसे करू नये. सबवूफरच्या आतील फिल्टरमुळे आवाजाला होणारा उशीर त्या अंतरात धरलेला असतो. सबवूफरची पातळी मात्र जरूर तपासावी. अनेक रिसीव्हरमध्ये तिची खालची मर्यादा उणे १२ डेसिबल असते आणि आकडा नेमका तिथे अडकला असेल तर सबवूफरवरचा गेन (त्याच्या आवाजाची नॉब) फार जास्त आहे असे समजावे. तो कमी करून कॅलिब्रेशन पुन्हा चालवावे.

फेजचा, म्हणजे सबवूफर आणि मुख्य स्पीकर यांचे तरंग एकमेकांशी जुळवण्याचा, स्विच कोणत्या बाजूला ठेवायचा हे कानानेच ठरवावे. मुख्य स्पीकर आणि सबवूफर दोन्ही चालू ठेवून ८० हर्ट्झच्या आसपासचा स्वर लावावा, आपण आपल्या जागी बसावे आणि दुसऱ्या कोणाला तरी स्विच ० आणि १८० यांच्यात बदलायला सांगावे. ज्या स्थितीत स्वर जास्त भरीव लागतो ती योग्य.

गुणगुण, झोपी जाणे आणि इतर आवाज

सतत गुणगुण येत असेल तर आधी सबवूफरची सिग्नल केबल काढून पाहावी. तरीही आवाज राहिला तर दोष सबवूफरच्या ॲम्प्लिफायरमध्ये किंवा वीजपुरवठ्यात आहे. थांबला तर केबल खराब आहे किंवा ग्राउंड लूप (अर्थिंगच्या एकाहून अधिक वाटांमुळे बनलेले विजेचे वेटोळे) तयार झाला आहे. मग केबल जोडून टीव्हीची बाहेरून येणारी अँटेना किंवा केबलची वायर तेवढी काढून पाहावी, कारण हा लूप बहुधा तिथूनच शिरतो. तसे निघाल्यास त्या वायरीवर हा लूप तोडणारा आयसोलेटर बसवावा. गुणगुण घालवण्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर तो कदापि मानू नये. ती पिन जिवाच्या रक्षणासाठी आहे.

रात्री हळू आवाजात पाहताना सबवूफर मध्येच बंद पडतो, त्याचे कारण बहुतेक वेळा त्याचे ऑटो स्टँडबाय (सिग्नल नसताना आपोआप बंद होण्याची सोय) असते: येणारा सिग्नल इतका क्षीण असतो की त्याला जाग येत नाही. सबवूफरवरचा गेन थोडा कमी करून रिसीव्हरमधील सबवूफरची पातळी तेवढीच वाढवली की सबवूफरपर्यंत पोहोचणारा सिग्नल बळकट होतो. हळू आवाजात खर्ज कमी ऐकू येणे हा कानाचाही धर्म आहे; फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच ते मोजून दाखवले होते.

पोर्टमधून (पेटीला हवेसाठी ठेवलेल्या भोकातून) फुसफुस येणे किंवा वूफरमधून ठोके ऐकू येणे याचा अर्थ क्षमतेपेक्षा जास्त मागणी होत आहे. ठोके आले तर आवाज त्याच क्षणी कमी करावा.

घेतानाच घ्यायची काळजी

वॅटचा आकडा पाहून सबवूफर निवडणे चुकीचे आहे. शक्ती दुप्पट केली तरी आवाजात फक्त ३ डेसिबलची भर पडते, आणि खोक्यावर छापलेला आकडा अनेकदा क्षणिक शक्तीचा असतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ४० हर्ट्झवरून २० हर्ट्झवर, म्हणजे एक सप्तक खाली, तितक्याच जोराने उतरायचे तर वूफरला चौपट हवा हलवावी लागते. म्हणून लहानशा पेटीतून खोल आणि जोरदार बास मिळेल या दाव्यावर विसंबू नये. ‘२५ हर्ट्झपर्यंत’ असे लिहिलेले असेल तर तिथे आवाज किती डेसिबलने घसरतो तेही पाहावे. उणे ३ आणि उणे १० यांत फार मोठे अंतर आहे. बंद पेटीचा बास खाली हळूहळू ओसरतो, तर पोर्ट असलेली पेटी तिच्या ठरावीक स्वरापर्यंत जोर देते आणि त्याखाली झपाट्याने गळते.

एवढे करूनही एका आसनावर बास चांगला आणि शेजारच्या आसनावर पोकळ लागत असेल, तर मात्र एका मोठ्या सबवूफरऐवजी दोन मध्यम सबवूफर घ्यावेत. आयताकृती खोलीत ते समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर ठेवल्यास सर्व आसनांवरचा बास पुष्कळ सारखा होतो, हे हार्मन या ध्वनियंत्रे बनवणाऱ्या कंपनीतील टॉड वेल्टी यांनी २००२ मध्ये मांडलेल्या अभ्यासातून पुढे आले. दोन्ही शक्यतो एकाच प्रकारचे घ्यावेत, दोघांचे गेन सारखे ठेवावेत आणि दुसरा जोडल्यावर कॅलिब्रेशन सुरुवातीपासून पुन्हा करावे.