गोंदण, मेंदी की मायक्रोब्लेडिंग: ज्यू धर्मनियमांनुसार कसे ठरवावे

नाशिकला रामकुंडापाशी गर्दीच्या दिवसांत गोंदणाऱ्याकडे जायचे असो किंवा कॉलेज रोडवरच्या पार्लरमध्ये, गिऱ्हाईक बेने इस्रायली, म्हणजे महाराष्ट्रातील ज्यू समाजाचे असेल, तर ‘हे चालेल का’ याचा उलगडा सुई हातात घेण्याआधी करून घ्यावा.

मूळ आज्ञा ‘तोरा’ या ज्यू धर्मग्रंथातील लेवीय 19:28 या वचनात आहे: मृतासाठी अंगावर घाव घालू नयेत आणि गोंदून घेऊ नये. हिब्रूत त्याला ‘केतोवेत काका’ म्हणतात. आपल्या काकांशी त्याचा काही संबंध नाही. मिश्ना या ज्यूंच्या प्राचीन नियमसंग्रहाच्या मक्कोत भागात खुलासा आहे, की नुसते लिहिले आणि कातडी चिरली नाही, किंवा चिरली पण रंग भरला नाही, तर दोष पूर्ण होत नाही. म्हणून प्रत्येक प्रकाराला दोनच प्रश्न विचारावेत: कातडीला छेद जातो का, आणि त्या छेदात टिकणारा रंग भरला जातो का? ‘गोंदणारा दुसराच होता’ ही सबब मात्र पुरत नाही, कारण गोंदून घेणाऱ्याने त्या कामाला हातभार लावला असेल, तर शुल्हान आरूख हा ज्यू धर्मनियमांचा ग्रंथ त्यालाही दोषी धरतो.

मेंदीला या कसोटीवर हरकत नाही. कोनातून ती कातडीवर केवळ पसरते आणि रंग वरच्या थरात राहून दोन-तीन आठवड्यांत उतरतो. बेने इस्रायली लग्नांत तर मेंदीचा स्वतंत्र विधीच असतो. मिकवेतील (धार्मिक स्नानाच्या कुंडातील) शुद्धिस्नानाआधी वाळलेली मेंदी खरवडून काढावी, हातावर उरलेला नुसता रंग आड येत नाही. झटपट रंगणारी ‘काळी मेंदी’ टाळावी, ती धर्मामुळे नव्हे, तर तिच्यातील रसायनाने कातडी भाजते म्हणून.

खरी अडचण भुवयांच्या मायक्रोब्लेडिंगची आहे. बारीक पात्याने केसासारख्या रेघा चिरून त्यांत रंग भरतात, म्हणजे दोन्ही प्रश्नांचे उत्तर ‘होय’ येते. तो रंग काही वर्षांत फिका पडतो, एवढ्यावरून सूट द्यावी का, यावर रब्बींत, म्हणजे ज्यू धर्मगुरूंत, मतभेद आहेत. पार्लरवाल्या ताईंनी स्वतः निवाडा करू नये. गिऱ्हाइकाने आपल्या रब्बींना विचारल्यावरच वेळ ठरवावी. किरणोपचारासाठी डॉक्टर कातडीवर खुणेची टिंबे गोंदतात, तो मात्र उपचाराचा भाग असल्याने त्याला सामान्यतः मुभा दिली जाते.

अंगावर जुने गोंदण असेल, तर ते लेसरने काढलेच पाहिजे असा नियम नाही, आणि त्यामुळे ज्यू दफनभूमीत जागा नाकारली जाते, या सर्वदूर पसरलेल्या समजुतीलाही धर्मशास्त्रात आधार नाही.