जुन्या डिझेल एसयूव्हीत पार्ट बदलण्याआधी या चुका टाळा

पुण्यात बनलेल्या सुमो आणि सफारी, नाशिकच्या कारखान्यातून निघालेल्या बोलेरो आणि स्कॉर्पिओ यांतल्या कितीतरी गाड्या पंधरा वर्षांचं पासिंग संपवून पुन्हा नोंदवल्या गेल्या आहेत आणि अजून घाट चढतात. इंजिन दणकट असतं. वय दिसतं ते वायरिंगमध्ये, रबरात आणि गंजलेल्या बोल्टांत. पण गॅरेजमध्ये तक्रार सांगितली की पहिला हात जातो तो महागड्या पार्टकडे: आधी बॅटरी, मग सेल्फ (इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर), मग डायनमो (चालत्या इंजिनवर बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर). तिन्ही नवे बसतात आणि आठवड्याने गाडी पुन्हा धक्का मागते. न मोजता पार्ट बदलायचा, ही एकच चूक वेगवेगळ्या रूपांत पुढे येत राहते. साधा डिजिटल मल्टिमीटर, बल्बचा टेस्ट लॅम्प, वायर ब्रश आणि १० व १३ नंबरचे पाने एवढ्यावर यातलं बहुतेक घरच्या अंगणात तपासता येतं.

बॅटरीवर आळ घेण्याआधी

गाडी रात्रभर उभी राहू द्या आणि सकाळी चावी न लावता बॅटरीच्या दोन्ही खांबांवर व्होल्टेज घ्या. १२.६ म्हणजे पूर्ण चार्ज, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी. १२ च्या खाली असेल तर आधी चार्जरवर लावून पूर्ण भरा. अर्धमेल्या बॅटरीवर पुढची कुठलीही चाचणी खोटी निघते. मग सेल्फ मारताना मीटर बघा. आकडा ९.६ च्या खाली कोसळला तर बॅटरी संशयित. १०.५ च्या वर टिकला आणि तरीही सेल्फ रडत असेल तर बॅटरीत दोष नाही. करंट वाटेत कुठेतरी अडतोय.

इंजिन चालू झाल्यावर त्याच खांबांवर १३.८ ते १४.५ व्होल्ट मिळायला हवेत. हेडलाइट, ब्लोअर, वायपर सगळं लावूनही आकडा साडेतेराच्या आसपास राहिला पाहिजे. १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर, म्हणजे गॅरेजच्या भाषेत कटआऊट, गेलेला आहे. अशा गाडीत नवी बॅटरी घातली की तीही उकळणार.

चार्जिंग तपासायला चालू इंजिनवर बॅटरीचं टर्मिनल काढून बघण्याची रीत अजून कित्येक ठिकाणी चालते. इंजिन बंद पडलं नाही म्हणजे डायनमो ठीक, असा हिशेब. बॅटरी हा सगळ्या सर्किटचा धक्के झेलणारा भाग आहे. ती सुटली की डायनमोचं व्होल्टेज क्षणात उसळतं आणि डायोड, रेग्युलेटर, कॉमन रेल (कॉम्प्युटरवर चालणारी डिझेल यंत्रणा) गाडी असेल तर तिचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयूसुद्धा जातो. दोनशे रुपयांच्या मीटरने होणारं काम या रीतीने करायला जाऊ नका.

अर्थिंग: अर्ध्या तक्रारींचं मूळ

इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे त्याचा चासीशी धातूने संबंध येतो तो मुख्यतः अर्थच्या पट्टीतून. बॅटरीच्या निगेटिव्हवरून एक जाड वायर इंजिन किंवा गिअरबॉक्सवर जाते, एक बॉडीवर, आणि बहुतेक गाड्यांत इंजिन ते चासी अशी विणलेली तांब्याची पट्टी असते. पंधरा-वीस पावसाळे खाल्ल्यावर ही पट्टी हिरवी पडते, तिच्या तारा तुटतात, किंवा गाडी रंगवताना तिचा लग (टोकाचं धातूचं कडं) रंगावरच कसला जातो.

डिझेल इंजिनचा सेल्फ सहज २०० अँपिअर ओढतो. वाटेत ०.०१ ओहमचा अडथळा असला तरी २ व्होल्ट तिथेच खर्च होतात. एवढा छोटा अडथळा साध्या मीटरच्या ओहम रेंजवर दिसतच नाही. मीटरचा बीप वाजला म्हणजे वायर चांगली, हा समज म्हणूनच फसवतो. एक तार शिल्लक असली तरी बीप वाजतो. वायर तपासायची ती लोड देऊन.

मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा, गाडी न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला. मीटरची एक काडी (प्रोब) बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाच्या शिशावर टेकवा, क्लँपवर नाही. दुसरी इंजिन ब्लॉकच्या खरवडलेल्या, उघड्या धातूवर. कोणाला तरी तीन सेकंद सेल्फ मारायला सांगा. आकडा ०.३ च्या आत हवा. १ किंवा २ दिसला तर अर्थिंग गेलेलं आहे, पैसे खर्च न करता निदान झालं. आता काडी शिशावरून क्लँपवर आणा. आकडा एकदम घसरला तर दोष फक्त टर्मिनलच्या सांध्यात आहे. हीच चाचणी पॉझिटिव्ह बाजूला करा, बॅटरीचा खांब ते सेल्फवरचा जाड बोल्ट: अर्ध्या व्होल्टपर्यंत चालतं, त्यावर नाही. बॉडीसाठी हेडलाइट लावून निगेटिव्ह खांब ते बॉडी मोजा, तिथे ०.१ च्या आत.

खराब अर्थिंगची लक्षणं इतकी विचित्र असतात की माणूस भलतंच खोलत बसतो. इंडिकेटर लावला की मागचा ब्रेक लाइटही मिणमिणतो. हॉर्न वाजवला की डॅशबोर्डवरच्या मीटरची लाइट मंदावते. हेडलाइट लावताच टेंपरेचरचा काटा वर सरकतो आणि बंद केला की खाली येतो. पाणी काही सेकंदांत तापत आणि निवत नसतं, त्यामुळे तिथे रेडिएटर नाही, डॅशबोर्डवरच्या मीटरच्या क्लस्टरचं आणि इंजिनचं अर्थिंग बघायचं. सेल्फ मारल्यावर ॲक्सिलरेटरची केबल हाताला कोमट लागली तर समजा की इंजिनचा करंट परतीची वाट त्या केबलमधून शोधतोय.

दुरुस्ती करताना बोल्ट सोडून लग आणि बॉडी दोन्ही चकचकीत धातू दिसेपर्यंत घासा, दातेरी वॉशर टाकून कसा आणि कसून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेली लावा. आधी जेली आणि मग बोल्ट असं उलट करू नका. पट्टी शंकास्पद असेल तर किमान २५, शक्यतो ३५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरची नवी पट्टी क्रिंप केलेल्या लगांसह इंजिन ते चासी अशी जास्तीची टाका. नुसती पिळून टेप गुंडाळलेली वायर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा त्रास देते.

हे सगळं बरोबर निघालं तरच सेल्फकडे वळा. नुसता टक् आवाज येऊन मोटर फिरत नसेल तर कार्बन (मोटरला करंट पोचवणारे ब्रश) किंवा सोलेनॉइडचे (सेल्फला करंट जोडणाऱ्या स्विचचे) कॉन्टॅक्ट झिजलेले. आवाजच नसेल तर चावी फिरवताना सेल्फच्या बारीक वायरवर १२ व्होल्ट येतात का बघा. येत नसतील तर सेल्फ निर्दोष, दोष इग्निशन स्विचच्या बाजूला. हातोडीने ठोकून सेल्फ चालू झाला तर कार्बन संपत आल्याचं ते लक्षण आहे. ठोकत राहिलात तर आतले चुंबक तडकू शकतात.

डायनमो, तेल आणि ब्रेक

डिझेल इंजिनला पेट्रोलसारखा व्हॅक्यूम स्वतःहून मिळत नाही. म्हणून यांतल्या अनेक जुन्या गाड्यांत ब्रेक बूस्टरसाठीचा (पेडलला जोर देणाऱ्या भागासाठीचा) व्हॅक्यूम पंप डायनमोच्याच पाठीवर, त्याच शाफ्टवर बसवलेला असतो. त्याला इंजिनचं ऑइल एका बारीक पाइपमधून जातं आणि दुसऱ्यातून परत येतं. पंपाचं सील गेलं की ऑइल डायनमोत शिरतं, कार्बन आणि ते ज्यांवर घासतात त्या स्लिप रिंग चिकट होतात, चार्जिंग थांबतं. इलेक्ट्रिशियन कार्बन बदलतो, महिनाभर चालतं, पुन्हा तेच. डायनमो खोलल्यावर आत काळं तेल दिसलं तर कार्बनच्या आधी सील आणि पंप.

उलटी बाजू जास्त धोक्याची. बेल्ट तुटला की लाल बॅटरीचा दिवा लागतो आणि चालक म्हणतो, गावापर्यंत बॅटरीवर जाऊ. पण त्याच क्षणी व्हॅक्यूमही बंद झालेला असतो. बूस्टरमध्ये दोन-तीन ब्रेकपुरता साठा उरतो, मग पेडल दगडासारखं कडक होतं. घाट उतरताना तो दिवा लागला तर लहान गिअर टाकून गाडी लगेच कडेला घ्या.

बूस्टरची चाचणी सोपी आहे. इंजिन बंद ठेवून चार-पाच वेळा पेडल दाबा, शेवटी दाबून धरा आणि गाडी सुरू करा. पेडल किंचित खाली गेलं पाहिजे. नाही गेलं तर पंप, व्हॅक्यूमचा पाइप किंवा त्यातला वन-वे व्हॉल्व्ह तपासा. ब्रेक लागत नाही म्हणून लायनर बदलण्याची घाई त्याआधी नको.

फ्यूज, बल्ब आणि रातोरात उतरणारी बॅटरी

फ्यूज वायरला वाचवतो, उपकरणाला नाही. १५ अँपिअरचा निळा फ्यूज सारखा उडतो म्हणून ३० चा हिरवा घातला की पुढच्या वेळी फ्यूजऐवजी डॅशबोर्डमागची वायर जळते. तिथे फ्यूजच्या जागी टेस्ट लॅम्प लावा आणि त्या सर्किटचे कपलर (वायर जोडणारे प्लग) एकेक करून काढत जा. ज्या कपलरला दिवा विझतो त्याच्या पुढे शॉर्ट आहे. बॉनेटच्या बिजागरीजवळ, मागच्या दारात जाणाऱ्या रबरी नळीत आणि उंदरांना उबदार वाटणाऱ्या इंजिनच्या वरच्या भागात आधी शोधा.

मूळ एच४ बल्ब ६०/५५ वॅटचा. १००/९० चे दोन टाकले की हाय बीमवर साधारण १७ अँपिअर जातात, मूळचे १० असतात. ज्या जुन्या गाड्यांत हा करंट स्विचमधून जातो तिथे स्विच वितळतो. उजेड कमी वाटत असेल तर आधी बल्बच्या कपलरवर व्होल्टेज मोजा. ११ मिळत असेल तर वेगळी रिले (छोट्या करंटने मोठा करंट जोडणारा स्विच) वायरिंग टाका: बॅटरीवरून फ्यूजमार्गे रिलेच्या ३० नंबरच्या पिनवर, ८७ वरून बल्बला, जुन्या स्विचची वायर ८६ ला, ८५ अर्थ. त्याच ५५ वॅटच्या बल्बचा उजेड डोळ्यांत भरेल.

बॅटरी उभ्या उभ्या उतरते तेव्हा निगेटिव्ह वायर आणि खांब यांच्यामध्ये मीटर १० अँपिअर रेंजवर लावा, दारं बंद करून अर्धा तास थांबा. ५० मिलिअँपिअरपर्यंत ठीक. जास्त असेल तर फ्यूज एकेक काढत जा. बहुतेकदा नंतर बसवलेला म्युझिक सिस्टिम, अलार्म किंवा जीपीएस निघतो. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल.

डिझेलने हवा धरली

संध्याकाळी चांगली चाललेली गाडी सकाळी बराच वेळ सेल्फ मारल्याशिवाय सुरू होत नाही, किंवा सुरू होऊन लगेच मरते. चढावर तोंड करून उभी केली तर जास्तच. लोक पंप आणि नोझल खोलायला देतात. टाकी ते पंप हा भाग ओढीचा असतो, तिथली फट बाहेर डिझेल टपकवत नाही, आत हवा ओढते. म्हणून जमीन कोरडी दिसली तरी गळती असू शकते. फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये फूटभर पारदर्शक पाइप जोडून बघा. बुडबुडे दिसले की मागे मागे शोधत जा: पुन्हा वापरलेले तांब्याचे वॉशर, भेगा पडलेला रबरी पाइप, प्रायमरचा (डिझेल हाताने ओढणाऱ्या पंपाचा) थकलेला व्हॉल्व्ह, किंवा फिल्टर बदलताना जुनं सील तसंच चिकटून राहून त्यावर दुसरं बसलेलं.

यांत्रिक पंपाच्या गाडीत फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू एक-दीड आटा सैल करा, हाताच्या प्रायमरने बुडबुडे संपेपर्यंत पंप करा आणि डिझेल वाहत असतानाच स्क्रू कसा. त्याच वेळी फिल्टरच्या तळाचा नट सोडून पाणीही काढा, पावसाळ्यात तर दर महिन्याला. इंजेक्टरचे नट सैल करून हवा काढण्याची पद्धत फक्त जुन्या पंपासाठी. कॉमन रेलमध्ये दाब हजार बारच्या पुढे जातो. तिथे बारीक फवारासुद्धा कातडीतून आत शिरतो आणि बोट कापायची वेळ येते.

रोटरी पंपाची गाडी सेल्फ घेते पण धूरही सोडत नाही, तेव्हा स्टॉप सोलेनॉइड (चावी बंद केल्यावर डिझेल तोडणारा व्हॉल्व्ह) बघा. चावी ऑन केल्यावर त्याच्या वायरवर १२ व्होल्ट आणि बारीक टिक् आवाज दोन्ही हवेत. काळा धूर आणि चढावर ताकद नाही, अशी जोडी असेल तर टर्बोनंतरचे रबरी पाइप हाताने चाचपा. तेलकट चीर सापडते.

तापणारी गाडी आणि काढून टाकलेला थर्मोस्टॅट

आपल्याकडे थंडी नाही, थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) कशाला, म्हणून तो काढून टाकलेल्या गाड्या सर्रास आढळतात. ज्या इंजिनात थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो, तिथे तो काढला की पाण्याचा मोठा भाग रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात जातो आणि लांब चढावर गाडी उलट जास्त तापते. एरवी इंजिन थंड राहून डिझेल जास्त पितं. थर्मोस्टॅट पातेल्यातल्या पाण्यात टाकून गॅसवर तापवा, त्यावर कोरलेल्या तापमानाच्या आसपास तो उघडताना दिसला पाहिजे.

मग रेडिएटर आणि एसी कंडेन्सर यांच्यामधली माती बघा. बाहेरून रेडिएटर स्वच्छ दिसतो, मधल्या फटीत मात्र पानं आणि चिखलाचा थर बसलेला असतो. इंजिनच्या बाजूने, कमी दाबाच्या पाण्याने धुवा. प्रेशर वॉशरने जाळी वाकते. कूलंट अर्धं, डिस्टिल्ड पाणी अर्धं. बोअरचं पाणी घातलं की क्षार धरतात. गरम असताना झाकण उघडू नका, हे माहीत नसलेला कोणी नाही आणि भाजलेले हातही कमी नाहीत.

चासीखालचे आवाज, फोर बाय फोर आणि वेल्डिंग

गाडी पुढे घेताना किंवा रिव्हर्स टाकताना खट् आवाज आला तर प्रोपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सची ताकद आसाला नेणाऱ्या दांड्याचे) क्रॉस, म्हणजे त्याचे फिरते सांधे. ग्रीस गनने चारही टोपणांतून नवं ग्रीस बाहेर येईपर्यंत पंप करा. एका टोपणातून आलं नाही तर तो क्रॉस संपला. शाफ्ट काढण्याआधी फ्लँजवर आणि स्लाइडिंग जोडावर पंचाने खुणा करा. दात चुकवून बसवला तर नवे क्रॉस घालूनही ठराविक वेगाला गाडी थरथरते आणि दोष बॅलन्सिंगवर जातो.

अर्धवेळ फोर बाय फोरमध्ये पुढच्या-मागच्या आसांमध्ये डिफरन्शियल (वेगातला फरक जिरवणारा गिअरचा भाग) नसतो. कोरड्या डांबरी रस्त्यावर वळताना पुढची चाकं जास्त अंतर कापतात, फरक जिरायला जागा मिळत नाही आणि ताण ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या आसांना ताकद वाटणाऱ्या गिअरबॉक्सवर) येतो. पाऊस पडतोय म्हणून हायवेवर फोर हाय लावून ठेवू नका. चिखल, वाळू, सुटी खडी एवढ्यापुरतंच. चारही टायर एकाच मापाचे आणि साधारण सारखे झिजलेले हवेत.

ओढ्यातून गाडी गेली असेल तर दुसऱ्या दिवशी आसावरच्या डिफरन्शियलचा नट किंचित सैल करून ऑइलचा रंग बघा. दुधासारखं दिसलं तर ते बदला आणि वरचा ब्रीदर (हवा जाण्या-येण्याची नळी) चिखलाने बुजलाय का तपासा. पाण्यात इंजिन बंद पडलं असेल तर सेल्फ मारू नका. एअर फिल्टर ओला असेल तर सिलिंडरमध्ये पाणी असू शकतं, पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. टो करून न्या.

कोकणातल्या खाऱ्या हवेत चासी किंवा फ्लोअर गंजला की आर्क वेल्डिंग होतंच. त्याआधी बॅटरीचे दोन्ही टर्मिनल काढा, ईसीयू असेल तर त्याचे कपलरही, आणि वेल्डिंगचा अर्थ क्लँप कामाच्या जागेजवळ, वीतभर अंतरावर लावा. तो सोयीसाठी बंपरला लावला तर करंट व्हील बेअरिंगमधून किंवा वायरिंगमधून वाट काढतो.