राग उतरवण्यासाठी गाण्यांची उतरंड

दिवसभराच्या कामाने डोकं तापलेलं असतं. घरी कुणीतरी काळजीने म्हणतं, "शांत गाणी लाव, बरं वाटेल." लावावीत, तर चिडचिड आणखीच वाढते. माझं कित्येक वर्षं असंच व्हायचं. त्या क्षणी संथ बासरी कानाला खुपायची. दोष बासरीचा नव्हता. सुरुवात कुठून करायची, तेच मला ठाऊक नव्हतं.

1940च्या दशकात अमेरिकेतले मनोविकारतज्ज्ञ आयरा आल्टशुलर यांनी एक तत्त्व मांडलं: आधी मन जिथे आहे तिथलं संगीत लावायचं, मग तिथून त्याला हळूहळू हवं तिकडे न्यायचं. संगीतोपचारात ते आजही वापरतात. घरी ते असं करता येतं.

यादी आधीच करून ठेवा. डोकं तापल्यावर गाणी शोधायला बसलं की फोनमध्येच अडकायला होतं. पाच-सहा गाणी पुरतात.

गाणी ओळखीची घ्या. 2011 साली मॉन्ट्रियलच्या संशोधकांनी आवडतं संगीत ऐकणाऱ्यांचे मेंदू तपासले. अंगावर काटा येतो त्या जागेला डोपामिन, म्हणजे मेंदूतलं आनंदाशी जोडलेलं रसायन, स्रवत होतंच, पण ती जागा येण्याच्या काही सेकंद आधीही मेंदूच्या दुसऱ्या भागात ते स्रवत होतं. समेची, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेची, वाट बघणाऱ्या श्रोत्याला हे पटायला वेळ लागणार नाही. शास्त्रीय संगीतातला अमुक राग अमुक दुखण्यावर, अशा याद्या फिरत असतात. त्यांच्या नादी मी लागत नाही. तुमच्या आवडीचं गाणं घ्या.

लय मोजून क्रम लावा. 15 सेकंद ठेक्यावर टाळी द्या आणि आकडा चारने गुणा, म्हणजे मिनिटाला किती ठोके ते कळेल. पहिलं गाणं 120च्या आसपासचं, खणखणीत असू द्या. ढोल-ताशाही चालेल. पुढचं प्रत्येक गाणं दहा-पंधराने खाली, आणि शेवटचं 60-70चं. लय जलद असली की श्वास आणि नाडीही वाढते, म्हणून उतार सावकाश हवा. मधली पायरी गाळलीत तर मन मागेच राहतं.

तिसऱ्या-चौथ्या गाण्यापासून सोबत म्हणा. ओळ पुरी करायला श्वास लांबवर सोडावा लागतो आणि लांब उच्छ्वासाने हृदयाची गती मंदावते. सूर लागला नाही तरी चालेल.

उदास असताना जरा सावध राहा. दुःखाचं गाणं ऐकून मोकळं रडू आलं तर ते चांगलंच. पण एकच गाणं दहादा लावून तीच आठवण उगाळली जात असेल, तर यादी पुढे सरकवा. दोन आठवडे उदासी हटली नाही, तर गाण्यावर विसंबू नका, डॉक्टरांना भेटा. मानसिक आरोग्यासाठी फोनवर मदत करणाऱ्या सरकारच्या टेलि-मानस सेवेचा 14416 हा क्रमांकही आहे.

शेवटचं गाणं संपलं की दोन मिनिटं काहीच लावू नका. इटलीतल्या लुचियानो बर्नार्डी यांच्या 2006च्या अभ्यासात वेगवेगळी संगीतं ऐकवताना मध्ये दोन मिनिटांची शांतता ठेवली होती. त्या शांततेत ऐकणाऱ्यांची नाडी, रक्तदाब आणि श्वास सुरुवातीपेक्षाही खाली आले. तेवढा वेळ फोन उलटा ठेवा आणि बसून राहा.