जवान सुट्टीवर घरी आला की काय करायचं, काय नाही

सातारा कोल्हापूरकडे बऱ्याच घरांत एक फौजी असतो, पण सुट्टीवर आलेल्या माणसाशी कसं वागायचं हे कोणी सांगत नाही. पहिले दोन तीन दिवस त्याला झोपू द्या. पाहुणे, देवदर्शन, जमिनीच्या वाटणीचा वाद, बँकेचा हप्ता हे सगळं स्टेशनवरून आल्या आल्या त्याच्या डोक्यावर टाकू नका. तो बॉर्डरवर असतानाही घरचं टेन्शन त्याला खातच असतं, माझ्या मते तर ते जास्त खातं कारण तिथे बसून त्याला काहीच करता येत नाही.

"तिकडं काय काय झालं" म्हणून खोदून विचारू नका, स्वतःहून बोलला तर मधे न तोडता ऐका. झोप लागत नाही, दारू वाढलीय, पोरांवर उगाच ओरडतोय, एकटाच बसतोय असं बरेच दिवस चाललं तर थकवा म्हणून सोडून देऊ नका. १४४१६ हा टेलीमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाईनचा नंबर आहे, फ्री, २४ तास, मराठीत पण बोलता येतं. फौजी आणि घरच्यांसाठी पुण्यात एएफएमसीला (सैन्याच्या मेडिकल कॉलेजला) २०२३ मध्ये टेलीमानसचा वेगळा सेल पण सुरू झालाय. रिटायर झालेल्यांना ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेतून ट्रीटमेंट मिळते.

मरणाची भाषा केली तर त्याला एकटं सोडू नका, लगेच जवळचं मिलिटरी हॉस्पिटल किंवा सिव्हिल गाठा, आणि वहिनी, तुम्हालाच झोप येत नसेल तरी हाच १४४१६ नंबर लावा.