समुद्राकाठच्या महागड्या हॉटेलात राहायला जाताय? या चुका टाळा

तालुक्याच्या गावी माझं ऑनलाइनचं दुकान आहे. सातबारा, पीकविमा, शिष्यवृत्तीचे फॉर्म आणि रेल्वेची तिकिटं. कापसाचे पैसे हाती आले किंवा लग्नसराई आटोपली की गिऱ्हाईक कोकणाचं तिकीट काढायला येतं. परत आल्यावर तिथल्या हॉटेलवाल्याला शिव्या द्यायलाही माझ्याच दुकानात येऊन बसतं. त्या ऐकून ऐकून माझं असं मत झालंय, की अशा बहुतेक तक्रारींत फसवणूक थोडी असते आणि न विचारणं फार. बैल घेताना दात मोजणारा, दोन फेऱ्या चालवून बघणारा माणूस मोबाइलवर चार फोटो बघतो आणि बसल्या जागी दहा हजार भरून मोकळा होतो.

जूनमध्ये समुद्र बघायला निघणं

ही खास आपल्या विदर्भाची चूक आहे. उन्हामुळे आपल्याकडे शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, त्यामुळे जूनचा पहिला-दुसरा आठवडा रिकामा दिसतो. त्याच वेळी किनाऱ्यावरची हॉटेलं ‘ऑफर’ लावतात. ही ऑफर कशासाठी असते, याचा विचार कोणी करत नाही. आपण इथं पावसाआधीच कोरड्या मातीत धूळपेरणी करावी की थांबावं यावर वाद घालत असतो, तोवर तळकोकणात पाऊस उतरलेला असतो. सिंधुदुर्गात पाण्यातले खेळ आणि किल्ल्यावर जाणाऱ्या होड्या २६ मे ते ३१ ऑगस्ट बंद असतात. जून-जुलैत यांत्रिक होड्यांच्या मासेमारीवर बंदी असते. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक लागलं की गाड्याही हळू धावतात.

माझा मावसभाऊ कास्तकार आहे, माणूस हिशोबी. त्याने मालवणच्या बाजूचं एक हॉटेल मोबाइलवर शोधलं, एका रात्रीचे साडेआठ हजार. मी म्हटलं, आधी फोन लावून विचार. तर म्हणे, “काहून? फोटोत दिसून राह्यलं ना सारं! रूममधूनच समुद्र दिसते, दादा. गॅलरीत बसून चहा पिऊ.” पैसे परत न मिळणारा दर घेतला, कारण तो आठशे रुपयांनी स्वस्त होता. बडनेऱ्याहून नागपूर-मडगाव गाडी धरली आणि बायको-पोरांना घेऊन कुडाळला उतरला.

खोली खरोखरच समुद्राकडे तोंड करून होती. पण गॅलरीला वरपासून खालपर्यंत निळी ताडपत्री बांधलेली. पावसाची झड आत येते म्हणून तिकडे मे संपता संपता समुद्राकडची बाजू अशी झाकून घेतात. गादीला ओल्या गोणपाटासारखा वास, पोहण्याचा हौद रिकामा आणि तळाशी पालापाचोळा. किनाऱ्यावर पाण्यात उतरू नका म्हणून लाल झेंडा. पोरांनी सुरमई मागितली, तर बर्फातली आहे म्हणाले, आणि मेनूकार्डावर भावाच्या जागी ‘बाजारभावाप्रमाणे’. मावसभावाने काउंटरवर आवाज चढवला. तिथल्या पोराने शांतपणे सांगितलं, “काका, खोली सी व्ह्यूच आहे. ताडपत्रीचं तुम्ही विचारलं नाहीत.” वहिनी दोन दिवस एकच वाक्य बोलत होती, “यापरीस आपल्या शेततळ्यावर बसलो असतो.”

बरं, मेमध्ये जाणाऱ्यांचं तरी काय होतं? पंचेचाळीस अंशांतून सुटका म्हणून जातात आणि वर्षातला सगळ्यात चढा भाव देतात. तिथं पारा तेहतीस-चौतीसच दाखवतो, पण हवा इतकी दमट की घाम वाळतच नाही. आपला कूलर तिथं निकामी, त्यामुळे बिगर-एसी खोली घेऊन पैसे वाचवण्याच्या भानगडीत पडू नका. माझं ऐकाल तर तुरी सोंगून झाल्या की हरभरा काढणीला येईपर्यंत जो मोकळा काळ मिळतो, तो धरा. हवा चांगली, मासळी ताजी, आणि नाताळ-नववर्षाची गर्दी ओसरल्याने भाव खाली. पोरांची शाळा चार दिवस बुडेल. बुडू द्या.

फोटोवर विश्वास, फोनचा आळस

फोटो काढणारा खोलीच्या कोपऱ्यात चिकटून रुंद भिंगाने फोटो काढतो, त्यात दहा बाय बाराची खोली दिवाणखान्यासारखी दिसते. हॉटेलच्या फोटोंपेक्षा गिऱ्हाइकांनी टाकलेले फोटो बघा, तेही सगळ्यात नवे. अभिप्राय वाचताना मी पाच ताऱ्यांचे आणि एका ताऱ्याचे सोडून देतो. पहिले बऱ्याचदा हॉटेलच्याच माणसांचे, दुसरे रागाच्या भरातले. तीन तारे देणारा माणूस नळाला पाणी किती वाजता येतं तेही लिहितो.

मग नकाशावर उपग्रहाचं चित्र लावून हॉटेल आणि पाणी यांच्यामध्ये काय आहे ते बघायचं. रस्ता, खाडी, दुसऱ्याचं कुंपण? ‘बीच पाच मिनिटांवर’ म्हणजे पायी की गाडीने, हे विचारायचं. शेवटी थेट हॉटेलला फोन. जाहिरातीतला नंबर नाही, नकाशावरचा. मी एकच गोष्ट मागतो, जी खोली देणार तिच्या खिडकीतून आजचा व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. पाठवला तर बुकिंग करायचं, टाळाटाळ केली तर पुढचं हॉटेल. लोक म्हणतात, एवढी चौकशी केली तर त्यांना राग येईल. पैसे आपले आणि राग त्यांचा, हे मला समजत नाही. शिवाय तेच मेसेज पुढे पुरावा म्हणून कामी येतात.

ओहोटीला पोचून समुद्रावर रुसणं

“समुद्र लई मांगं गेला होता, चिखलच चिखल,” अशी तक्रार घेऊन लोक येतात. यात हॉटेलचा काय दोष? भरती-ओहोटी दिवसातून दोनदा होते आणि रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते. कोकणातली जुनी माणसं भरतीची वेळ काढायला तिथीला पाऊणने गुणतात. प्रतिपदेपासूनची तिथी आठवी असेल तर आठ गुणिले पाऊण, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती, सकाळीही आणि संध्याकाळीही. साधारण सहा तासांनी, बाराला, पूर्ण ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला दुपारी बाराच्या आसपास भरती आणि पाण्याला जोरही जास्त. भिंतीवरचं कॅलेंडर बघून हे घरबसल्या कळतं. अलिबागचा कुलाबा किल्ला पायी गाठायचा असेल तर मुद्दाम ओहोटीच धरावी लागते, आणि भरतीच्या आत परतावं लागतं. आणखी एक, विहिरीत पोहणाऱ्याने समुद्रात मर्दुमकी दाखवू नये. गणपतीपुळ्याला पाण्याची ओढ फसवी आहे, तिथला सूचनाफलक शोभेसाठी लावलेला नाही.

बाकीच्या, थोडक्यात

दर बघता, कर बघत नाही. सप्टेंबर २०२५ पासून रोजच्या ७५०० रुपयांपर्यंतच्या खोलीला ५ टक्के जीएसटी आहे, त्यावर गेलात की १८. म्हणजे ७५०० ची खोली ७८७५ ला पडते आणि ७६०० ची ८९६८ ला. शंभर रुपयांच्या फरकाने हजाराचा खड्डा. मावसभावाचे साडेआठ हजार असेच १०,०३० झाले. अशा हॉटेलात जेवणावरही सहसा १८ टक्के लागतात, म्हणून नाश्ता तिथं करा आणि जेवायला गावातल्या खानावळीत जा.

बिलात सेवाशुल्क आपोआप लावता येत नाही, २०२२ पासून तशा मार्गदर्शक सूचना आहेत. ‘काढून टाका’ एवढंच म्हणायचं. पाण्याच्या बाटलीवरून मात्र भांडू नका. हॉटेलात दिलेल्या बाटलीला छापील किमतीचं बंधन नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं आहे. पाण्याची पेटी येतानाच दुकानातून घ्या.

मुंबईहून रात्रीच्या गाडीने सकाळी उतरणाऱ्यांना खोली दुपारी मिळते. सामान ठेवायला आणि आंघोळीला जागा मिळेल का, हे आधी विचारा.

‘एक्स्ट्रा बेड’ म्हणजे बहुतेक वेळा जमिनीवर टाकलेली गादी. पोराचं वय खरं सांगा, कोणत्या वयापासून पैसे लागतात ते प्रत्येक हॉटेलचं वेगळं असतं.

आगाऊ रक्कम कोणा माणसाच्या नावाच्या यूपीआयवर मागितली, तर थांबा. हॉटेलांच्या नावाने खोट्या वेबसाइट चालतात. पैसे गेलेच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा, उद्यावर टाकू नका.

घरी आल्यावर शिव्या देऊन गप्प बसणं

तिथं काउंटरवर ओरडून फार तर एक चहा फुकट मिळतो. खोली दाखवल्यासारखी नसेल तर सामान उघडण्याआधी तिचा व्हिडिओ काढा आणि मॅनेजरला व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी कळवा. दाद मिळाली नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर मराठीत बोलता येतं. त्यानेही भागलं नाही तर ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या कायद्यानुसार तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, त्यासाठी सिंधुदुर्गाच्या खेपा नकोत. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्कही नाही. मावसभावाला हे सांगितलं, तर त्याच्याकडे ना बिल, ना ताडपत्रीचा फोटो. हौदाशेजारी काढलेले सेल्फी तेवढे होते, आणि त्यांत सगळे हसताहेत.