घाणा निघेपर्यंत फोनला हात नाही: फराळाच्या दिवसांत पैसे कसे सांभाळायचे

मी सांगलीत, विश्रामबागेत, घरगुती फराळाच्या ऑर्डरी घेते. अकरा वर्षं झाली. दसरा उलटला की घरात भाजणीचा वास सुटतो आणि फोन वाजायचा थांबत नाही. 2023च्या दिवाळीत याच गडबडीत माझे 19,600 रुपये गेले. ते कसे गेले ते आधी सांगते, कारण तसाच फोन यंदाही कुणाला तरी येणार आहे.

दुपारचे अडीच वाजले होते, चकल्यांचा घाणा कढईत होता. पलीकडचा माणूस हिंदीत बोलत होता. लष्करात आहे, कोल्हापूरला तुकडी आलीय, जवानांसाठी पंधरा किलो चिवडा आणि तीनशे बेसनलाडू हवेत. पाठोपाठ व्हॉट्सअ‍ॅपवर गणवेशातला फोटो आणि ओळखपत्र. त्याने भाव कमी करायला सांगितलं नाही, चवीला पुडा मागितला नाही, डालडा की तूप तेही विचारलं नाही. एवढी मोठी ऑर्डर अशी देणारं गिऱ्हाईक मी तोवर पाहिलं नव्हतं. तिथेच मी थांबायला हवं होतं.

आगाऊ रक्कम पाठवण्याआधी तुमचं खातं तपासावं लागतं, असं म्हणून त्याने पाच रुपयांचा क्यूआर कोड पाठवला. मी स्कॅन करून पिन टाकला. पाच गेले, लगेच दहा आले. माझा विश्वास बसला. पुढचा कोड 9,800चा होता, तेही गेले. ‘उलटे गेले मॅडम, परत स्कॅन करा, दोन्ही एकदम येतील.’ हातात झारा, तेल धुरावलेलं, आणि मी पुन्हा पिन टाकला.

म्हणून पहिली गोष्ट ही, आणि बाकी सगळं विसरलात तरी एवढी लक्षात ठेवा: यूपीआयचा पिन पैसे द्यायला लागतो, नाहीतर शिल्लक बघायला. पैसे घ्यायला पिन लागत नाही, दुसऱ्याचा कोडही स्कॅन करावा लागत नाही. आपला कोड त्याने स्कॅन करायचा. पैसे आले की नाही, ते आपल्या बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन बघा. त्याने पाठवलेला स्क्रीनशॉट धरू नका, आणि दहा आकडी मोबाइल नंबरवरून आलेला ‘जमा झाले’ हा मेसेजही धरू नका. बँकेचा मेसेज साध्या मोबाइल नंबरवरून येत नाही. ‘चुकून जास्त गेले, वरचे परत करा’ म्हणणाऱ्यांचा सगळा डाव असल्याच मेसेजवर चालतो.

ऑर्डरी सुरू होण्याआधी एक दुपार फोनसाठी काढा. मी काय केलं ते सांगते. ऑर्डरींसाठी वेगळं बचत खातं उघडलं आणि यूपीआय फक्त त्यालाच जोडलं. रोज रात्री हिशेब झाला की दोन-तीन हजार ठेवून बाकीचे दुसऱ्या खात्यात टाकते. ते खातं कुठल्याही अ‍ॅपला जोडलेलं नाही. बँकेच्या अ‍ॅपमधून रोजची मर्यादाही कमी करून घेतली. चूक माणसाकडून होतेच, पण झाली तरी तेवढ्यातच आवरते. मग व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे आपणच ठरवलेल्या पिनचं जादा कुलूप, चालू केलं. आणि फोनच्या सेटिंगमध्ये प्ले स्टोअरच्या बाहेरून अ‍ॅप घ्यायची परवानगी सगळीकडे बंद केली. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे. दिवाळी भेट, लग्नपत्रिका, वाहनाचं चलान अशा नावांनी फाइल येते आणि तिच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ असतं. ती पत्रिका नसते, अ‍ॅप असतं. एकदा बसलं की आपले मेसेज वाचतं आणि ओटीपी परस्पर तिकडे पोचतो. ओळखीच्या वहिनींकडून आली तरी उघडू नका, कारण आधी त्यांचाच फोन चोरांच्या ताब्यात गेलेला असू शकतो. फोन करून विचारा.

आता परदेशी पार्सलांबद्दल. माझ्याकडून दरवर्षी बऱ्याच घरांचा फराळ अमेरिकेला जातो. तिथे 800 डॉलरपर्यंतच्या पार्सलांना आयातशुल्काची माफी होती, ती 29 ऑगस्ट 2025 पासून काढली. त्यामुळे ‘तुमचं पार्सल कस्टममध्ये अडकलंय, शुल्क भरा’ हा मेसेज आला की तो खराच वाटतो. लेकराला दिवाळीत लाडू मिळणार नाही या विचाराने आईचा हात लिंकवर जातो. तिथे जरा थांबा. कुरियरची पावती काढा आणि तिच्यावरचा नंबर कुरियरच्या स्वतःच्या वेबसाइटवर टाकून बघा, नाहीतर पार्सल दिलं त्या दुकानात जा. ग्राहक सेवेचा नंबर इंटरनेटवर शोधू नका, तिथे चोरांनी आपले नंबर पेरून ठेवलेले असतात. मी पार्सल देतानाच पावतीच्या मागे दुकानदाराचा नंबर त्याच्याच हाताने लिहून घेते.

‘पत्ता अपुरा आहे, पाच रुपये भरा’ म्हणणारे पाच रुपयांसाठी आलेले नसतात, त्यांना कार्डाचे आकडे हवे असतात. कुणी स्टार किंवा हॅश असलेला नंबर डायल करायला सांगितला तर करू नका, त्याने आपले फोन दुसरीकडे वळवले जातात. पार्सलात अंमली पदार्थ सापडले, व्हिडिओ कॉलवरून हलू नका, असं कुणी पोलीस बनून म्हणालं तर फोन ठेवून द्या. अशा फोनवरच्या अटकेला ते ‘डिजिटल अरेस्ट’ म्हणतात, पण तशी गोष्ट कायद्यात नाही.

बँकांचे पत्ते आता ‘डॉट बँक डॉट इन’ने संपतात. वेबसाइट उघडलीच तर शेवट नीट वाचा.

एवढं करूनही पैसे गेले तर काय करायचं, ते मी माझ्या चुकीवरून सांगते. मी त्या दिवशी कुणाला बोलले नाही. लाज वाटली. ह्यांना कसं सांगू, यातच संध्याकाळ गेली. रात्री साडेनऊला शेजारच्या, कॉलेजात जाणाऱ्या मुलीने 1930, म्हणजे सायबर फसवणूक कळवायचा सरकारी नंबर, लावून दिला. तोवर पहिली रक्कम खात्याखात्यांतून पुढे निघून गेली होती. दुसऱ्या रकमेतले 6,000 एका खात्यात रोखले गेले आणि सात महिन्यांनी कोर्टाच्या आदेशाने परत आले. दुपारी तीनला फोन केला असता तर किती वाचले असते, हा विचार अजून जात नाही.

तेव्हा गॅस बंद करा आणि आधी 1930 लावा. ते रक्कम, वेळ, आपली बँक आणि व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर नंबर विचारतात. तो यूपीआय अ‍ॅपच्या हिस्ट्रीत सापडतो. मग बँकेला कळवा, सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इनवर तक्रार नोंदवा, आणि चॅट, फोटो, कोड यातलं काहीही पुसू नका. रिझर्व्ह बँकेने जुलै 2017मध्ये आणलेल्या नियमांप्रमाणे आपली काही चूक नसताना बाहेरच्याने पैसे काढले आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर नुकसान आपल्यावर येत नाही. पिन आपणच दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं असतं, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणून आपलीच चूक असली तरी लगेच कळवा.

माझ्या स्वयंपाकघरात गॅसच्या वर, कॅलेंडरशेजारी, 1930 मोठ्या अक्षरात लावलाय. मदतीला येणाऱ्या दोघी ताईंनाही सांगून ठेवलंय: घाणा कढईत असेल तर पैशाचा फोन घ्यायचा नाही. ‘पंधरा मिनिटांनी करा’ म्हणायचं आणि ठेवायचा. खरं गिऱ्हाईक पंधरा मिनिटांनी करतं.