‘धोका’ लिहिताना होणारे घोटाळे: या चुका टाळा

पावसाळ्यात सांगलीत एक मेसेज हमखास फिरतो: ‘आयर्विन पुलाजवळ कृष्णेनं धोक्याची पातळी ओलांडली!’ खाली आकडा असतो 41 फूट. आता आयर्विनची इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45 फूट. म्हणजे ओलांडली ती इशारा पातळी, धोक्याला अजून चार फूट आहेत. या चार फुटांत गोठ्यातली जनावरं हलतात, दुकानातला माल माळ्यावर जातो, म्हाताऱ्या माणसांना पाहुण्यांकडे पोचवता येतं. सूर्यवंशी प्लॉटसारख्या सखल भागात पाणी त्याआधीच शिरतं, त्यामुळे तिथल्या माणसानं 45 ची वाट बघत बसायचं नसतं, हे खरंच. पण 2019 च्या महापुरात पाणी 57 फुटांच्या वर गेलेलं ज्यांनी पाहिलंय, त्यांच्या पोटात ‘धोक्याची पातळी’ वाचूनच गोळा येतो. तेव्हा पुढे पाठवायचंच असेल, तर पातळीचं नाव, फूट आणि वेळ, तिन्ही लिहा. वेळ नसलेला आकडा दुसऱ्या दिवशीही ताजा म्हणून फिरत राहतो.

याच्या उलटही होतं. पाणी दोन इंच उतरलं की कुणीतरी ‘धोका टळला’ लिहून मोकळा होतो. वर कोयनेतून विसर्ग चालू असेल, तर ‘पाणी उतरतंय’ एवढंच म्हणावं. टळणं वेगळं, कमी होणं वेगळं.

दुसरी चूक हिंदीतून आली. ‘मित्रानं धोका दिला’, ‘ऐनवेळी गाडीनं धोका दिला.’ हिंदीतला धोखा म्हणजे फसवणूक, आपला धोका म्हणजे पुढे काही वाईट घडण्याची शक्यता. फसवणुकीसाठी मराठीत शब्दांचा दुष्काळ आहे का? दगा दिला, विश्वासघात केला, गंडवलं, टोपी घातली, हातावर तुरी दिल्या. दोन शब्द शेजारी ठेवायचे तर सातारा जिल्ह्यातलंच उदाहरण घ्या. 1659 साली प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखान दगा करणार, हा धोका महाराजांनी आधीच ओळखला होता, म्हणून ते अंगात चिलखत घालून भेटीला गेले. इथं दगा आणि धोका यांची अदलाबदल करून बघा, वाक्य कोसळतं. बोलण्यात ‘धोका दिला’ आता इतकं रुळलंय की कुणी हसणार नाही. पण पोलिसांत तक्रारअर्ज देताना ‘मला धोका दिला’ लिहू नका. तिथं ‘फसवणूक केली’ असंच हवं, नाहीतर वाचणाऱ्याला तुमच्या जिवाला कुणापासून भीती आहे असं वाटायचं.

सगळ्यात जास्त गडबड मात्र विभक्तीची. कृष्णाकाठी, भिलवडी-औदुंबरच्या पट्ट्यात मगरी आहेत, हे सगळ्यांना ठाऊक आहे. आता ‘मगरींचा धोका’ आणि ‘मगरींना धोका’ ही दोन वाक्यं घ्या. पहिल्यात घाटावर कपडे धुणाऱ्या बाईनं सांभाळायचं आहे, दुसऱ्यात मगरींनी. ‘ला’ किंवा ‘ना’ लागला की ज्याचं नुकसान व्हायचं तो. ‘चा’ किंवा ‘पासून’ लागला की ज्याच्यामुळे व्हायचं तो. वाक्य अडलं तर ‘कोणाला?’ आणि ‘कशापासून?’ हे दोन प्रश्न विचारायचे. दोन्हींची उत्तरं मिळाली नाहीत, तर वाक्य अर्धवट आहे.

‘धोकादायक’ आणि ‘धोक्यात’ यांची गफलत याच्याच पोटातली. ‘कास पठार धोकादायक’ असं लिहिलं तर पुण्या-मुंबईचे पर्यटक बुकिंग रद्द करतील. तुम्हाला म्हणायचं असतं की गर्दीनं फुलं तुडवली जाताहेत, म्हणून पठार धोक्यात आहे. ठोसेघरच्या धबधब्याजवळचा निसरडा कडा, तो धोकादायक. मिरजेच्या दवाखान्यांबाहेर नातेवाईक फोनवर सांगत असतात, ‘आबांची तब्येत धोकादायक आहे.’ आबा बिचारे कुणाला काय करणार? तब्येत नाजूक आहे, चिंताजनक आहे किंवा सरळ ‘आबा सिरियस आहेत’ म्हणा. सुधारणा झाली की ‘धोक्याच्या बाहेर आहेत’ हे मात्र अगदी बरोबर.

‘शक्यता’ आणि ‘धोका’ हेही एकमेकांच्या जागी बसवतात. जूनमध्ये ‘जत, आटपाडीत पाऊस पडण्याचा धोका’ असं कुणी लिहिलं, तर त्या दुष्काळी भागातला शेतकरी त्याला हात जोडेल. तिथं पावसाची शक्यता असते, आशा असते. पण फेब्रुवारीत तासगावच्या द्राक्षबागेत घड तयार आहेत, शेडमध्ये बेदाणा जाळीवर पसरलाय आणि आभाळ भरून आलंय, तेव्हा पावसाचा धोका. मणी तडकतात, बेदाणा काळा पडतो, दर पडतो. ढग सारखेच, पण ऐकणाऱ्याचं त्यात काय जाणार आहे, यावर शब्द ठरतो.

क्रियापदांचं थोडक्यात. धोका असतो, वाढतो, संभवतो, टळतो, पत्करावा लागतो. धोका ‘होत’ नाही. पूर येऊन गेल्यावर ‘शेतीला मोठा धोका झाला’ लिहिणं चूक, झालं ते नुकसान. ‘धोका घेतला’ हेही मला खटकतं. धोका पत्करतात, आणि बोलताना सगळेच ‘रिस्क घेतली’ म्हणतात, ते परवडलं.

लेखनात ‘धोखा’ नको, ‘धोका’च. प्रत्यय लागताना घोडा-घोड्याचा तसं धोका-धोक्याचा. त्यामुळे ‘धोकाची घंटा’, ‘धोकामुळे’ हे चूक, ‘धोक्याची घंटा’, ‘धोक्यामुळे’ हे बरोबर. ‘धोका पातळी’ हा सामासिक शब्द असल्यानं तो तसाच चालतो.

आणि साताऱ्याच्या पोराला ‘लय डेंजर माणूस हाय’ म्हणालात, तर तो खूश होईल. त्यालाच ‘तू धोकादायक आहेस’ म्हणालात, तर विचारेल, ‘का ओ, काय केलं मी?’